मामेसासरे आणि धोक्यांचा कागद

जगात ज्या गोष्टी अजून घडलेल्याच नाहीत, त्यांची सर्वांत जास्त माहिती माझ्या बायकोच्या मामांना आहे, आणि ती ते स्वतःजवळ ठेवत नाहीत. घडलेल्या गोष्टींत त्यांना फारसा रस नसतो. निवडणूक कोण जिंकलं, मॅचचं काय झालं, कुणाच्या मुलीला किती टक्के पडले, हे ते ऐकून घेतात आणि सोडून देतात. पण तुमच्या गॅलरीच्या कठड्यावर ठेवलेली कुंडी वाऱ्याने खाली गेली तर ती नेमकी कुणाच्या डोक्यात पडेल, हे ते त्या माणसाच्या येण्याजाण्याच्या वेळेसकट सांगतील. मुलुंडला त्यांच्याच बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावरच्या एका बाईंनी अशी कुंडी ठेवली होती. मामा चार दिवस खाली उभे राहून कोण कधी जातं ते लिहीत होते. पाचव्या दिवशी त्यांनी यादी वर नेऊन दिली. पहिलं नाव त्या बाईंच्याच यजमानांचं होतं. कुंडी त्याच दुपारी आत गेली, पण यजमान अजून मामांशी बोलत नाहीत, कारण यादीत त्यांची संध्याकाळची एक वेळ अशी होती जी बाईंना माहीत नव्हती.

मामा मूळचे मालवणकडचे, पण नोकरी सगळी मुंबईत झाली. रसायनांच्या एका कारखान्यात ते सेफ्टी खात्यात होते आणि निवृत्त होऊन बारा-तेरा वर्षं झाली तरी ते खातं काही त्यांच्या अंगातून निघालेलं नाही. पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशात पेन, एक अंगठ्याएवढी बॅटरी आणि मोजायची टेप. मामींना ते बघायला गेले होते तेव्हाची गोष्ट मामी स्वतःच सांगतात. "सगळ्यांनी विचारलं स्वयंपाक येतो का, स्टोव्ह पेटवता येतो का. ह्यांनी विचारलं, विझवता येतो का?" मामा कुणालाही निघताना 'सांभाळून जा' म्हणत नाहीत. त्यांचं म्हणणं, सांभाळून म्हणजे काय ते ऐकणाऱ्याला कळत नाही. ते म्हणतात, "उतरताना सातवी पायरी अर्धा इंच उंच आहे." ती खरंच आहे. मी टेप लावून बघितलं.

त्यांची एक वही आहे. तिच्यावर 'थोडक्यात वाचलो' असं लिहिलंय. नातेवाइकांच्या घरी मामा जेवायला गेले की परत आल्यावर तिच्यात नोंद होते. 'धाकट्या मेहुणीने ओल्या हाताने मिक्सरचा प्लग काढला. काही झालं नाही.' 'साडूंनी गॅसचा वास येतोय का ते काडी ओढून बघितलं. काही झालं नाही.' प्रत्येक नोंदीखाली सही करायला जागा असते आणि पुढच्या भेटीत मामा ती वही आणि पेन त्या माणसासमोर ठेवतात. साडूंनी सही करायला नकार दिला, तर मामांनी तेही लिहून ठेवलं. एकूण आमच्याकडे मामा येणार म्हटलं की बायका एक्स्टेन्शन बोर्ड कपाटात लपवतात.

मी इलेक्ट्रिशियन. घाटकोपरला असल्फ्याच्या चढावर राहतो. आयटीआय केल्यावर सहा-सात वर्षं एका कंत्राटदाराकडे काढली आणि मग स्वतःचं काम सुरू केलं. स्वतःचं म्हणजे अगदी स्वतःचं. फोन मी घेतो, शिडी मी उचलतो, भिंत मी फोडतो आणि गिऱ्हाइकाची बोलणीही मीच खातो. तर अशा मला रेश्माच्या घरी बघण्याचा कार्यक्रम होता. सासऱ्यांनी विचारलं काम कसं चालतं, सासूबाईंनी विचारलं जागा स्वतःची का. मामा कोपऱ्यात बसून माझ्या हातांकडे बघत होते. ते म्हणाले, "शेवटचा शॉक कधी बसला?"

मी आपला फुशारकीत हसलो. म्हटलं, "अहो, ते रोजचंच. आता कळतही नाही. वायर चालू आहे का ते मी असा उलटा हात लावूनच बघतो." खोलीतले सगळे कौतुकाने हसले. मामा हसले नाहीत. आम्ही गेल्यावर त्यांनी आपलं मत दिलं, ते रेश्माने मला नंतर सांगितलं. "मुलगा चांगला आहे, पण टिकेल असं वाटत नाही."

त्यावरून त्या घरात दोन आठवडे वाद झाला. शेवटी रेश्मा म्हणाली लग्न करीन तर याच्याशीच, तेव्हा मामा नरमले, आणि साखरपुड्यात सासऱ्यांनी मला अंगठी दिली आणि मामांनी रबरी हातमोजे. दोन्ही मी घरी जपून ठेवले. लग्नातही त्यांनी घोळ घातलाच. हॉलचा मागचा दरवाजा बाहेरून कुलूप लावून बंद होता आणि चावी केटररकडे, आणि केटरर बर्फ आणायला गेलेला. अंतरपाट धरलेला, सगळ्यांच्या हातात अक्षता, आणि मामा, मुलीचा मामा म्हणून तिच्या मागे उभे राहायच्या ऐवजी, मागच्या दरवाज्यापाशी. गुरुजी ओरडले, "मुहूर्त टळतोय हो!" मामा तिकडून म्हणाले, "मुहूर्त वर्षाला पुष्कळ आहेत, दरवाजा एकच आहे." बर्फ आला, चावी आली, दरवाजा उघडला, मग माझं लग्न लागलं.

इतकं सगळं असूनही मी मामांना अनेक वर्षं एक गंमत म्हणूनच धरून चाललो होतो. मित्रांमध्ये त्यांचे किस्से सांगायचो. त्यांची खरी गरज पडेल असं वाटलं नव्हतं.

गेल्या वर्षी मला अंधेरीला चकाल्याजवळ एका ऑफिसचं काम मिळायची वेळ आली. सगळ्या मजल्याचं वायरिंग बदलायचं, नवा बोर्ड बसवायचा, छतातले दिवे बदलायचे. एवढं मोठं काम मला आधी मिळालं नव्हतं. तिथल्या व्यवस्थापनाचं सगळं बघणारी एक मॅडम होती, तिशीची, भराभर बोलणारी. तिने दर मान्य केला आणि म्हणाली, "दादा, फक्त रिस्क असेसमेंट पाठवा. ते आलं की ऑर्डर देते." मी "हो, आहे ना" म्हणून सांगितलं आणि खाली येऊन ते काय असतं हे फोनवर शोधलं. कामात कुठे कुठे काय धोका आहे, कुणाला आहे आणि आपण त्यासाठी काय करणार, याचा कागद. मी वीस वर्षं काम करतोय, पण कामाआधी असं काही लिहून द्यायला कुणी सांगितलं नव्हतं.

आमचा एक दोस्त आखातात पाच वर्षं काम करून आलाय. तो म्हणाला, "टेन्शन कशाला घेतोस यार, माझ्याकडे झकास तयार आहे." त्याने बावीस पानांची फाइल पाठवली. मी वरचं नाव बदललं, तारीख घातली आणि मॅडमला पाठवून दिली. दुसऱ्या दिवशी मॅडमचा फोन.

"दादा, पान नऊ बघा. वाळूचं वादळ आल्यास काम थांबवू, असं लिहिलंय तुम्ही."

मी पान नऊ शोधायला लागलो.

"चकाल्याला वाळूचं वादळ येतं का?"

"मॅडम, ते जरा..."

"पान अकराला विंचू आहेत. विंचवाचं मी एक वेळ समजू शकते." मग तिचा आवाज बदलला. "हे बघा, याच्याखाली मला सही करायची आहे. उद्या कुणाला काही झालं तर हा कागद माझ्या नावाने बाहेर निघणार. कुठल्याही भाषेत द्या, एक पान द्या, पण तुमचं द्या. गुरुवारपर्यंत थांबते, नाहीतर मला दुसरा माणूस बघावा लागेल."

मी घरी येऊन रेश्माला सांगितलं. ती एका दवाखान्यात रिसेप्शनवर असते, तिला कागदांचं माझ्यापेक्षा जास्त कळतं. तिने सगळं ऐकलं आणि म्हणाली, "आपल्या घरात हे एकाच माणसाला येतं, आणि तू त्यांची नक्कल करून दाखवतोस."

मामांना फोन केला. मला वाटलं होतं ते फोनवरच सांगतील, मी लिहून घेईन. ते म्हणाले, "जागा बघितल्याशिवाय?" आणि एवढ्यावर फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता सत्तरी ओलांडलेले मामा मुलुंडहून घाटकोपरला येऊन मेट्रोच्या जिन्यापाशी माझी वाट बघत उभे होते. एका हाताने कठडा धरलेला. गाडीत बसायला जागा असूनही बसले नाहीत. दरवाज्याशेजारची संकटकाळची सूचना त्यांनी तिन्ही भाषांत वाचून काढली आणि "चांगलं लिहिलंय" असं म्हणाले. मग चकाल्यापर्यंत खुशीत होते.

मला वाटलं होतं ते आत शिरून थेट बोर्ड बघतील. त्यांनी बोर्डाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. आधी पॅन्ट्रीत गेले. तिथे साफसफाई करणाऱ्या मावशी चहाचे कप धूत होत्या. मूळच्या लातूरकडच्या, राहायला घाटकोपरलाच. मामांनी त्यांना नमस्कार केला आणि विचारलं, "बाई, तुम्ही इथे किती वर्षं आहात?"

"नऊ झाली की."

"मग इथलं सगळ्यात जास्त तुम्हालाच माहीत. कुठे झटका बसतो?"

मावशींनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग हात पुसले, आणि आम्हाला मजलाभर फिरवलं. वॉटर कूलरला ओला हात लावला की झिणझिण्या येतात. ओले पोछे आणि फिनेलचे कॅन बोर्डाच्या खोलीत ठेवतात, कारण दुसरीकडे जागा दिली नाही. कॉन्फरन्स रूमच्या छतातून कधीकधी जळका वास येतो, सांगितलं तर म्हणतात अगरबत्तीचा आहे. आणि निघता निघता म्हणाल्या, "अन् काका, आमची पॅन्ट्रीतली ट्यूब हाय ना, ती लई गुणाची. सगळ्या ऑफिसातली लाइट गेली तरी ती चालूच ऱ्हाती. आमी तिथंच डबा खातो."

मामा थांबले. "सगळी गेली तरी?"

"मेन बंद केलं तरीबी."

मामांनी वही काढून ते वाक्य मावशींनी सांगितलं तसंच्या तसं उतरवून घेतलं आणि खाली त्यांचं नाव लिहिलं. मावशी म्हणाल्या, "माझं नाव कशाला?" मामा म्हणाले, "माहिती तुमची आहे."

लिहायला आम्ही दुसऱ्या दिवशी मुलुंडला बसलो. मी, मामा, आणि टाइप करायला रेश्मा. मी माझा मसुदा रात्रभर खपून करून नेला होता. एक, शॉक लागणे, काळजी घेऊ. दोन, शिडीवरून पडणे, काळजी घेऊ. तीन, आग लागणे, विशेष काळजी घेऊ. मामांनी चष्मा लावून ते वाचलं, आणि मालवणीत घसरले. "रे म्हाराजा! जावई, ह्यां काय?"

"का, काय झालं?"

"ही काळजी कुठे मिळते? घाटकोपरला मिळते का? किती नग लागतील?" त्यांनी तिन्ही ओळींवर काट मारली. "हाताने काय करणार ते लिहा. मेन बंद करणार का? मग मेन बंद करणार असं लिहा. कोण बंद करणार? परत चालू कुणी करू नये म्हणून काय करणार? कुलूप लावणार ना? चावी कुणाच्या खिशात?"

असं एकेक चाललं. शॉक या एका शब्दाला दीड तास लागला. मेन बंद करून कुलूप. मग टेस्टर आधी चालू जागेवर लावून तो नीट आहे ना ते बघायचं, मग बंद जागेवर लावायचा, मग परत चालू जागेवर. मी म्हटलं, "मामा, मेन बंद केल्यावर परत कशाला तपासायचं?" त्यांनी वहीचं पान उलटून पॅन्ट्रीच्या ट्यूबच्या नोंदीवर बोट ठेवलं.

मग 'कुणाला धोका आहे' हा रकाना आला. मी मावशी लिहिल्या, ऑफिसचे लोक लिहिले, वॉचमन लिहिला, लिफ्टने ये-जा करणारे लिहिले. मामा प्रत्येक नावाला "आणखी?" म्हणत होते. मी थकलो. म्हटलं, "संपले."

"शिडीवर कोण आहे?"

"मी."

"तो माणूस यादीत नाही."

"अहो मामा, माझं मी बघून घेईन. माझाच धंदा आहे."

"मालकाचं नाव काय?"

"माझंच."

"कामगाराचं?"

"माझंच की."

"मग मालकाला कामगार दिसत कसा नाही?" मामा अगदी साध्या आवाजात म्हणाले. "मी आयुष्यभर मालक लोकांशी भांडलो जावई. प्रत्येक जण म्हणायचा, माझ्या माणसांना सवय आहे. तुम्हीही तेच म्हणता, फक्त स्वतःबद्दल."

मी त्या रकान्यात माझं नाव लिहिलं. फॉर्मवर मी हजार वेळा नाव लिहिलंय, पण त्या जागी कधीच नाही. मामांनी पुढचा प्रश्न लगेच विचारला, "याआधी असं काही घडलंय?"

आता सांगायला हवं की दोन वर्षांपूर्वी माझ्या मनगटाला प्लास्टर होतं. रेश्माला मी स्कूटर घसरली असं सांगितलं होतं. खरं म्हणजे भांडुपला एका गाळ्यात पंखा लावताना चालू वायरला हात लागला आणि मी शिडीवरून फेकला गेलो होतो. गाळ्यात मी एकटाच होतो. शुद्ध आली तेव्हा किती वेळ गेला होता ते मला आजही माहीत नाही. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. मामांसमोर खोटं बोलावं असं फार वाटलं. पण समोर कागद होता, आणि सकाळपासून त्यावर फक्त खऱ्या गोष्टी लिहिल्या जात होत्या. मी सांगितलं.

रेश्माची बोटं थांबली. तिने वर पाहिलं नाही. विचारलं, "शिडी किती फुटी होती?"

"आठ."

तिने 'आठ' टाइप केलं. वाक्य पूर्ण केलं, पूर्णविराम दिला, आणि उठून आत मामींकडे गेली.

मामा मला रागावतील असं वाटलं होतं. ते कागदाकडे बघत म्हणाले, "आता हा कागद उपयोगाचा झाला." मला काहीतरी बोलायलाच हवं होतं म्हणून मी विचारलं, "मामा, तुम्ही असे कशामुळे झालात? कारखान्यात काही मोठं झालं होतं का?" माझ्या मनात स्फोट होता, कुणी जवळचा मित्र गेला असेल, असं काहीतरी.

"नाही," मामा म्हणाले. "माझ्या वेळी काहीच झालं नाही." मग जरा हसून म्हणाले, "निरोपाच्या दिवशी साहेब उभे राहिले. प्रत्येकाबद्दल चार शब्द बोलत होते. माझ्यापाशी आले आणि म्हणाले, यांच्याबद्दल काय सांगावं मला सुचत नाही. खरंच होतं ते. काही घडलं असतं तर बोलले असते." आणि त्यांनी पेनाचं टोपण लावलं.

पुढचे दोन दिवस रेश्मा माझ्याशी कामापुरतंच बोलली. पाणी आलंय, सिलिंडर आलाय, एवढंच. गुरुवारी सकाळी तिने छापलेला कागद माझ्यासमोर ठेवला. तीन पानं झाली होती. "सातवी ओळ मी टाकलीय. वाच."

सातव्या ओळीत लिहिलं होतं: एकट्याने काम करणार नाही. मेनपाशी दुसरं माणूस हजर राहील आणि चावी त्याच्याकडे असेल.

मी म्हटलं, "अगं, काम ऑफिस बंद असताना, रविवारी करायचंय. दुसरं माणूस कुठून आणू रविवारचं?"

"मला रविवारी सुट्टी असते," ती म्हणाली.

मॅडमने कागद वाचला, मावशींचं नाव बघून जरा चकित झाली, पोछे-फिनेल त्याच दिवशी दुसरीकडे हलवले आणि सही केली. रविवारी सकाळी साडेनऊला आम्ही दोघं चकाल्याला पोचलो. माझ्या हातात मामांचे ते रबरी मोजे होते, लग्नानंतर पहिल्यांदाच बाहेर काढलेले. मी मेन बंद केला, कुलूप घातलं, रेश्माने चावी पर्समध्ये टाकली आणि मेनच्या खोलीच्या दारात खुर्ची टाकून बसली. दहा मिनिटांत बिल्डिंगचा सुपरवायझर धावत आला. वरचा मजलाही त्याच मेनवर होता आणि तिथे कुणाची तरी मीटिंग निघाली होती.

"अरे दादा, मेन कशाला बंद केलास? चालूमध्येच करून टाक ना. तुमचं तर रोजचं आहे."

एरवी मी केलं असतं. हे मी खोटं सांगणार नाही. मोठं काम, नवीन जागा, पहिल्याच दिवशी भांडण नको, म्हणून मी नक्की केलं असतं. मी रेश्माकडे पाहिलं. तो तिच्याकडे वळला, "मॅडम, चावी द्या."

"चौथी ओळ वाचा," रेश्मा म्हणाली आणि कागद पुढे केला. "मेन बंद असल्याशिवाय कशाला हात लावणार नाही. खाली इथल्या ऑफिसच्या मॅडमची सही आहे."

त्याने कागद घेतला नाही, फोन लावला. ऑफिसच्या मॅडमला रविवारी झोपेतून उठवलं. तिने बहुधा त्याला बरंच काही सुनावलं असावं, कारण तो फक्त "हां मॅडम, हां मॅडम" करत होता. फोन बंद केल्यावर म्हणाला, "ठीक आहे. वरची मीटिंग दुपारनंतर ठेवतो." आणि पाच मिनिटांनी मावशींकरवी आम्हाला चहाही पाठवला.

मी शिडीवर चढलो. टेस्टर चालू जागेवर तपासून आणलेला होता. कॉन्फरन्स रूमच्या छताचं झाकण काढलं, जुन्या वायरींचा गुंता समोर आला, आणि मी ओळीत लिहिल्याप्रमाणे एकेका वायरीला टेस्टर लावत गेलो. पहिली बंद. दुसरी बंद. तिसरी, चौथी बंद. पाचव्या वायरीला दिवा लागला.

मी परत लावला. परत लागला. मल्टीमीटर लावला, पूर्ण व्होल्टेज. मेन बंद, कुलूप लागलेलं, चावी बायकोच्या पर्समध्ये, आणि माझ्या चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर एक वायर जिवंत. मी उलटा हात लावून बघणारा माणूस.

मी शिडीवरून खाली उतरलो. पॅन्ट्रीत गेलो आणि दोन ग्लास पाणी प्यायलो. मावशींची ट्यूब डोक्यावर जळत होती. तिच्या वायरीचा माग काढायला अर्धा तास लागला. कपाटामागच्या भोकातून ती शेजारच्या ऑफिसच्या इन्व्हर्टरकडे गेलेली होती, कुणी कधी जोडली होती देव जाणे, आणि वाटेत तिची एक फांदी कॉन्फरन्स रूमच्या छतात शिरलेली. शेजारच्या वॉचमनला बोलावून त्यांच्या बाजूने ती बंद केली, तोडली, टोकं झाकली. मग पहिल्यापासून सगळं परत तपासलं. संध्याकाळी सहापर्यंत त्या दिवसाचं काम झालं. रेश्माने स्वतःच्या हाताने कुलूप काढलं. मावशींना नवी ट्यूब लावून दिली, पण ती आता सगळ्यांबरोबर जाते आणि सगळ्यांबरोबर येते. त्या म्हणाल्या, "आता काय मजा नाय."

मामा आता नाशिकला मुलीकडे असतात. गुडघे गेले, दुसरा मजला जमेना, मुलुंडची जागा भाड्याने दिली. आता माझ्या प्रत्येक कामाआधी एक कागद होतो, पंखा लावायचा असला तरी अर्धं पान. कुणी मागत नाही. मी ते फोनवर मामांना वाचून दाखवायचो, पण अलीकडे त्यांना फोनवर नीट ऐकू येत नाही. "हां, हां" म्हणतात, आणि मला कळतं की शब्द पोचलेले नाहीत.

म्हणून मला त्या रविवारची संध्याकाळ फार आठवते. आम्ही अंधेरीहून घरी गेलोच नाही, रिक्षा करून सरळ मुलुंडला गेलो. मामा गॅलरीत बसले होते. मी समोर स्टुलावर बसून त्यांना सगळं सांगितलं. सुपरवायझर, चावी, शिडी, पाचवी वायर. ते मान खाली घालून ऐकत होते.

"दिवा लागला?"

"लागला."

"मग?"

"मग उतरलो. वायर शोधली. तोडली."

"मग?"

"मग काही नाही मामा. काम केलं आणि इकडे आलो. काहीच झालं नाही."

आत मामी आणि रेश्मा काहीतरी तळत होत्या, त्याचा आवाज येत होता. मामांनी खुर्ची जरा पुढे ओढली, माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "परत सांगा. पहिल्यापासून."

मी पहिल्यापासून सुरुवात केली. या वेळी सावकाश सांगितलं, काही न गाळता.